मेळघाटचा मालक कोण?



परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलं की वऱ्हाडची काळी, सपाट, कपाशीची जमीन मागे पडते आणि सागाचं रान सुरू होतं. ही सातपुड्याची गाविलगड रांग. बैराटचं टोक 1,178 मीटर उंच, आणि खाली सिपना, गाडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या दऱ्या कापत तापीकडे निघालेल्या. चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा हा मुलूख म्हणजे मेळघाट. वस्ती मुख्यतः कोरकूंची. त्यांच्याबरोबर गोंड, निहाल, गवळी, बलाई. कोरकू गाव ओळखायला सोपं. समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मध्ये रुंद, स्वच्छ सारवलेला रस्ता. पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटणारी गावं इथं अजूनही आहेत.

ही जमीन कुणाची? कागदपत्रं पाहिली तर उत्तर दर पन्नास वर्षांनी बदलतं. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. त्यानंतर झालेल्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं, गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले. वऱ्हाड हैदराबादच्या निजामाला मिळालं आणि पुढे हे किल्लेही त्याच्याकडे गेले. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाच्यानं भागेना, तेव्हा 1853 मध्ये त्या देण्यापोटी सगळं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1902 मध्ये या व्यवहाराला कायमच्या भाडेपट्ट्याचं रूप मिळालं. भाडं ठरलं वर्षाला 25 लाख रुपये. म्हणजे राज्य इंग्रजांचं, नाव निजामाचं, आणि डोंगरात राहणाऱ्याला यातलं काही विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही.

माझं मत असं, की या कुठल्याच तहानं मेळघाट बदलला नाही. राजा बदलला की सारा घेणारा हात तेवढा बदलायचा. मेळघाट खरा बदलला तो 1860 च्या दशकात, जेव्हा जंगलखात्याची माणसं मोजणीची साखळी घेऊन डोंगरात शिरली आणि हद्दीचे मुनारे उभे राहिले. त्याच सुमारास रेल्वे वऱ्हाडात पोहोचत होती आणि लाकडाला गिऱ्हाईक तयार होतं. सागाचं रान सरकारनं राखीव केलं. 1886 साली वऱ्हाडसाठी जंगलाचा वेगळा कायदा झाला, कारण मुलूख नावापुरता निजामाचा असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं थेट लागू होत नव्हते.

तोवर कोरकूंची शेती फिरती होती. उन्हाळ्यात उतारावरची झाडं तोडायची, वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची. राखेत कोदो-कुटकी. नांगर नाहीच; बी उताराच्या वरच्या अंगाला टाकायचं, पाऊस ते खाली पसरवतो. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडायची आणि दुसरी धरायची. जंगल अधिकाऱ्यांना यात जळणारा साग दिसला. ते पूर्ण चुकत होते असं मी म्हणणार नाही. पण ही शेती बंद करताना तिच्यावर जगणाऱ्यांच्या नावावर जमीन मात्र आली नाही. त्यांना वनग्रामात वसवलं गेलं. जमीन कसायला मिळाली ती खात्याच्या मर्जीवर, आणि बदल्यात खातं बोलावील तेव्हा कामाला जायचं. लाकूडतोड, ओंडक्यांची वाहतूक, आगरेषा साफ करणं, रस्ते. ज्या उतारावर आजा शेती करायचा, तिथं नातू मजुरीवर साग तोडू लागला.

स्वातंत्र्य आलं, निजाम गेला, वऱ्हाड ज्याला जोडलेलं होतं तो मध्यप्रांत गेला, महाराष्ट्र झाला. मुनारे जागेवरच होते. मग 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सुमारे 1,677 चौरस किलोमीटरचा. त्यातल्या गाभ्याचं पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. साग राखण्यासाठी घातलेली हद्द आता वाघ राखायला उपयोगी पडली. वाघ वाचला पाहिजे याबद्दल वाद नको. पण या शतकाच्या सुरुवातीपासून बोरी, कोहा, कुंड अशी गावं जंगलाबाहेर नेऊन वसवली गेली आणि सपाटीवर गेलेल्या माणसांतली काही परतही फिरली. उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायची, झाडाखालचा पाचोळा त्यासाठी आधी जाळून टाकायचा, असं ज्यांचं वर्ष चालतं त्यांना रोख रक्कम आणि कोरडवाहू जमीन पुरत नाही. त्याच पाचोळ्याच्या आगीची वनरक्षकाला धास्ती असते, हेही खरं. दोघांना एका झाडाखाली बसवून हा हिशेब फारसा कुणी केला नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यानं पहिल्यांदा प्रश्न उलटा विचारला: जंगल कोण वापरत आलंय? परतवाड्याजवळ डोंगराच्या पायथ्याला पायविहीर नावाचं गाव आहे. 2012 मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे 193 हेक्टर वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. ती जमीन तेव्हा उजाड होती. गावानं चराईवर बंदी घातली, पाणी अडवलं, झाडं लावली, राखणीची पाळी ठरवली. तिथली सीताफळं आता मुंबईच्या बाजारात जातात. बाकीच्या ग्रामसभांनी दावे दाखल करताना पायविहीरचे ठराव आणि हिशेबाची वही जरूर पाहावी. हक्काचा कागद मिळणं हे काम निम्मंही नाही.

तो कागद मात्र नीट वाचण्यासारखा आहे. देण्यापोटी एकदा अख्खं वऱ्हाड दुसऱ्याच्या हवाली झालं होतं. वनहक्क कायद्यातला हक्क वारसाला मिळतो, पण तो विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. कलम 4 मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.