धातूच्या फवाऱ्याचें कवच

औष्णिक वीजकेंद्राच्या बाष्पकांतील पोलादी नळ्यांना बाहेरून दोन शत्रूंशीं एकाच वेळीं झुंजावें लागतें. उष्णता व प्राणवायु मिळून त्यांस गंजवितात. धुराबरोबर उडणारी राख त्यांस घांसून काढते. भारतीय कोळशांत राख बहुधा शेंकडा ३० ते ४५, आणि तींत वाळूसारखी कठीण सिलिका! एक नळी फुटली कीं सबंध संच थांबतो.

यावर उपाय म्हणजे धातूचा फवारा. १९१० च्या सुमारास झुरिकच्या माक्स उलरिख शूप यानें ही विद्या रूढ केली. आज निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूंत क्रोमियम कार्बाइड मिसळून ती भुकटी ध्वनीहून वेगवान ज्वालेनें नळीवर मारतात. क्रोमियम प्राणवायूशीं संयोग पावून पातळ, घट्ट थर धरतें आणि तोच थर पुढील प्राणवायूस अडवितो. गंजानेंच गंज रोखावा, हा मोठा मौजेचा प्रकार! कार्बाइडचे कण झीज सोसतात.

टंगस्टन कार्बाइड याहून कठीण खरें. परंतु सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडपलीकडे तें स्वतःच प्राणवायूस बळी पडूं लागतें. केवळ काठिण्य पाहून निवड करणारा येथें फसतो. आणि फवारणीपूर्वीं नळीचा पृष्ठभाग स्वच्छ व खरखरीत केला नाहीं, तर उत्तम कवचहि पापुद्र्यासारखें सुटून येतें.