नॅनो कण शेवटी जातात कुठे?

आज नॅनो तंत्रज्ञानाबद्दल बोलायचं आहे, पण ते प्रयोगशाळेतून नाही, दिल्लीच्या पूर्वेकडच्या मयूर विहार फेज तीनमधून. इथून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर जवळ, कोंडलीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र त्याहून जवळ आणि फेज एकच्या पलीकडे यमुना. घरात आलेल्या वस्तूचा शेवट कुठे होतो हे पाहायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही. नॅनोबद्दलची बहुतेक भाषणं वस्तू दुकानात पोचेपर्यंतची गोष्ट सांगतात. मला त्यापुढची सांगायची आहे.

आधी नॅनो म्हणजे किती लहान ते बघू. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांना सहसा नॅनो कण म्हणतात. पण नुसत्या लहानपणाचं एवढं कौतुक कशाला? तर त्यामागे एक साधा हिशेब आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, लहान मुलांच्या खेळातल्या फाशाएवढा. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता तो कापून एक नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर वस्तू तेवढीच राहते, वजन तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग होतो सहा हजार चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ दीड एकर. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते, त्यामुळे फाशाएवढ्या वस्तूला आता दीड एकराचं शेत मिळालेलं असतं. एरवी कशालाच दाद न देणारं सोनं या आकारात लाल दिसतं आणि चक्क क्रियाशील होतं. नॅनोचे बरेच उपयोग या दीड एकरातून येतात आणि बरेच धोकेही तिथूनच येतात. ही दोन वेगवेगळी खाती नाहीत.

उपयोगाचं उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. हडपसरच्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचं साधं साधन तयार झालं. त्याचं नाव ‘सुजल’. २००४ च्या त्सुनामीनंतर ते आपद्ग्रस्त भागात वापरलं गेलं. त्याच कल्पनेत पुढे चांदीच्या नॅनो कणांची भर पडली आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं. सुरुवातीची किंमत ७४९ रुपयांपासून. ना वीज लागे, ना नळाचा दाब. तीन हजार लिटर पाणी गाळून झालं की आतली कांडी बदलायची. राख हा मुळात गिरणीमागे ढीग लागणारा कचरा, तिला भरपूर छिद्रं, आणि त्या छिद्रांत बसलेली चांदी जिवाणू मारते. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवणाऱ्या आपल्या आजीला यात फारसं आश्चर्य वाटलं नसतं. तिकडे मद्रासच्या आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने सोन्या-चांदीच्या नॅनो कणांनी पाण्यातली कीटकनाशकं काढायची पद्धत शोधली, आणि नंतर आर्सेनिक काढणाऱ्या गाळण्या केल्या. बंगालमधल्या आर्सेनिकग्रस्त गावांसाठी हे चैनीचं विज्ञान नाही. हातापायांवर चट्टे आणि पुढे कर्करोग देणारं विष पाण्यातून काढायचा तो स्वस्त मार्ग आहे. हे मी आधी सांगतोय, कारण धोक्यांबद्दल बोलायला लागलो की लोकांना वाटतं हा माणूस तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे.

या गाळण्यांमधली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. इथे नॅनो कण कशाला तरी घट्ट धरून बसलेले आहेत. राखेला, किंवा एखाद्या दाणेदार पदार्थाला. पाणी त्यांच्याकडे येतं आणि पुढे जातं, कण जागीच राहतात. निदान तसा प्रयत्न असतो, आणि किती कण सुटतात हे मोजता येतं.

आता हीच चांदी मोज्यांत घालू. पायाला वास येऊ नये म्हणून चांदीचे नॅनो कण लावलेले मोजे मिळतात. २००८ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी अशा सहा प्रकारचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींनी चांदी धरून ठेवली, काहींनी मोजक्या धुण्यांतच जवळजवळ सगळी सोडून दिली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याला मोठं यंत्र नाही, मोठा सिद्धान्त नाही. ‘धुतलं की जातं कुठे?’ एवढाच प्रश्न, जो कपडे धुणाऱ्या कुणालाही सुचायला हवा होता.

तर जातं कुठे? पूर्व दिल्लीत असाल तर ते पाणी गटारातून कोंडलीसारख्या केंद्रात येणार. तिथे सांडपाणी साफ कोण करतं? जिवाणू. हवा सोडलेल्या टाक्यांमध्ये कोट्यवधी जिवाणू मैला खात असतात, काही अमोनियाचं नायट्रेट करत असतात. हे अमोनियावाले जिवाणू फार नाजूक, आणि चांदीचं कामच जिवाणू मारणं. म्हणजे आपण पायाचा वास घालवण्यासाठी शहराची साफसफाई करणाऱ्यांवरच औषध मारतो. सुदैवाने निसर्गाने इथे थोडा हात दिला आहे. सांडपाण्यात गंधक असतं, चांदी त्याच्याशी जोडली जाऊन सिल्व्हर सल्फाइड होते. घरातली चांदीची भांडी काळी पडतात तोच हा पदार्थ. तो बराच निरुपद्रवी असतो आणि गाळात बसतो. सध्याच्या प्रमाणात चांदी आली तर केंद्रं बंद पडणार नाहीत. पण गाळ ही शेवटची जागा नव्हे. गाळ खत म्हणून शेतात जातो किंवा कचऱ्यावर पडतो. आणि जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, ते शाहदरा नाल्यातून सरळ यमुनेत. त्या यमुनेच्या खादरात, आमच्या चिल्ल्याच्या बाजूला, भाजी पिकते. ती आम्हीच विकत घेतो.

पाण्याकडून कचऱ्याकडे वळू. गाझीपूरला १९८४ पासून कचरा पडतोय. ही जागा २००२ मध्येच भरली होती, तरी टाकणं थांबलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये डोंगराचा एक भाग कोसळला आणि त्यात माणसं गेली. इथे कचऱ्यापासून वीज करणारं केंद्र आहे, आणि उन्हाळ्यात डोंगराला आपोआप लागणाऱ्या आगीही आहेत. नॅनोच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वित्झर्लंडमध्ये एका भट्टीत मुद्दाम सीरियम ऑक्साइडचे नॅनो कण टाकून पाहिले गेले. २०१२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कण जळून नाहीसे झाले नाहीत, पण चिमणीतूनही फारसे बाहेर गेले नाहीत. बहुतेक राखेत आणि खंगरात सापडले, कारण धूर गाळायची व्यवस्था उत्तम होती. म्हणजे चांगल्या भट्टीतही प्रश्न सुटत नाही, तो राखेकडे सरकतो. उघड्यावर पेटलेल्या डोंगराला तर गाळणीच नाही. टेनिसची रॅकेट, रंगाचा डबा, जंतुनाशक लेपाची फरशी, सगळं एकत्र धुमसतं. त्या धुरात काय काय आहे हे डोंगरावर कचरा वेचणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नाही, आणि सांगितलेलंही नाही.

रॅकेटचं नाव घेतलं ते उगाच नाही. तिच्यात कार्बन नॅनोट्यूब असू शकतात. लांब, ताठ, सुईसारखे धागे. २००८ मध्ये एडिंबरामधल्या संशोधकांनी दाखवलं की अशा लांब नॅनोट्यूब उंदराच्या पोटातल्या अस्तरात घातल्या तर तिथे अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी होतात. आखूड, गुंतलेल्या नॅनोट्यूबनी तसं केलं नाही. पदार्थ तोच, आकार बदलला की वागणूक बदलली. रॅकेट खेळताना धोका नाही, धागे राळेत पक्के बसलेले असतात. धोका आहे तो बनवणाऱ्या कामगाराला, कापणाऱ्याला, घासणाऱ्याला आणि शेवटी भंगारात तोडणाऱ्याला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीतही सगळ्यात आधी तेच मेले होते.

कुणी म्हणेल, दिल्लीत राहून तुम्ही मोज्यांची काळजी करता? बरोबर आहे. आम्ही रोज जे श्वासात घेतो त्यात डिझेलच्या धुरातले नॅनो कण भरपूर असतात. ते कुणी मुद्दाम बनवले नाहीत, एवढाच फरक. पण यातून मोजमापाचा एक मुद्दा निघतो. आपण पीएम २.५ मोजतो ते वजनाने, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम. आपलं वार्षिक मानक ४०, जागतिक आरोग्य संघटनेचं ५. आता अडीच मायक्रॉनचा एक गोल कण घ्या. तेवढ्याच वजनात पन्नास नॅनोमीटरचे सव्वा लाख कण बसतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग पन्नास पट होतो. वजनकाट्याला दोन्ही सारखेच. फुप्फुसाला नाहीत. २०१६ मध्ये लँकेस्टरच्या बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोलसर नॅनो कण दाखवले. असे कण वितळण्याच्या उष्णतेत, ज्वलनात किंवा घर्षणात बनतात. नाकातून मेंदूत जायची वाट आहे, हे त्यामुळे गंभीरपणे घ्यावं लागलं. म्हणून एखाद्या वस्तूत नॅनो ‘अगदी थोडं, अर्धा ग्रॅम’ आहे असं सांगितलं की मी विचारतो, कण किती?

हवेवर नॅनोचाच उपायही सुचवला जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण भिंतीच्या रंगात घालायचे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते सक्रिय होऊन वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड पकडतात. मूळ शोध जपानी, फुजिशिमा आणि होंडा यांचा, १९७२ चा. रोममधलं २००३ चं ज्युबिली चर्च अशाच सिमेंटचं आहे, आणि ते स्वतःला पांढरं ठेवतं. विज्ञान खरं आहे. पण हवा भिंतीला शिवेल तेवढीच साफ होणार, आणि आमच्या हिवाळ्यात नेमकं ऊन मंद आणि धूळ जाड. धुळीखाली गेलेला लेप काम करत नाही. तो झिजला की कण रस्त्यावर. आमच्या शेजारी आनंद विहारला २०२१ मध्ये स्मॉग टॉवर उभा राहिला. त्याने हिवाळे बदलले नाहीत. धूर निघतो तिथे आवरायचा सोडून निघाल्यावर पकडायचा, हा छंद मला पटत नाही.

याच पदार्थाची आणखी एक गोष्ट. खाण्याच्या पदार्थांना पांढरेपणा देण्यासाठी तो वर्षानुवर्षं ई१७१ या नावाने वापरला जायचा. त्यात काही भाग नॅनो आकाराचा असतो. २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की पेशीतल्या डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून तो सुरक्षित मानता येणार नाही. २०२२ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. इजा सिद्ध झाली असं त्यांनी म्हटलं नव्हतं, हे नीट वाचा.

शेतकरी श्रोत्यांसाठी नॅनो युरिया. २०२१ मध्ये इफकोची अर्ध्या लिटरची बाटली आली, ४५ किलोच्या एका गोणीला पर्याय म्हणून. हेतू चांगला आहे. युरियाचा बराच भाग पिकाला न लागता पाण्यात आणि हवेत जातो, विहिरींमध्ये नायट्रेट वाढतं. पण हिशेब करू. चार टक्के नायट्रोजन, अर्धा लिटर, म्हणजे साधारण वीस ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस किलोहून जास्त. गोणीतला दोन तृतीयांश वाया गेला असं धरलं तरी पिकाला सहा-सात किलो मिळतो. वीस ग्रॅमने तेवढं काम करायचं तर नायट्रोजनने स्वतःलाच गुणायला हवं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं. कंपनी आपल्या चाचण्यांचे वेगळे आकडे देते, आणि पुढे जास्त नायट्रोजनची बाटलीही आली. तुम्ही एवढंच करा, अर्ध्या एकरात वापरा, शेजारच्या अर्ध्यात नेहमीसारखं खत द्या, आणि दोन्हींचं धान्य वेगवेगळं मोजा. विषाची भीती इथे मुख्य नाहीच. पीक उपाशी राहण्याची आहे.

नावाचाही एक घोळ असतो. २००६ मध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा फवारा वापरून शंभरेक लोकांना श्वासाचा त्रास झाला. गदारोळ उडाला, आणि तपासात निघालं की त्यात नॅनो कण नव्हतेच. नॅनो हा शब्द विकण्यासाठी चिकटवला होता. उलट जिथे खरोखर नॅनो असतं तिथे लेबल गप्प असतं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत तसं लिहिणं २०१३ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू झालं, एक हजार कोटींची तरतूद होती. शेतीतल्या आणि अन्नातल्या नॅनो पदार्थांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २०२० मध्ये. मधली तेरा वर्षं माल बाजारात येतच होता. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००४ मध्येच सुचवलं होतं की पुरेसं कळेपर्यंत सुटे नॅनो कण पर्यावरणात सोडू नयेत. बांधलेले आणि सुटे हा फरक त्यांनी तेव्हाच केला होता.

मागच्या भागाखाली एका ताईंनी विचारलं होतं, घरातला नॅनो चांदीचा फिल्टर काढून टाकू का? नको, ताई. पाण्यातला जुलाब हा आजचा, खरा धोका आहे. कांडी मात्र मुदत संपल्यावर बदला, घासून पुन्हा वापरू नका, फोडून राख कुंडीत टाकू नका. बदलताना दुकानदाराला विचारा, जुनी कांडी कंपनी परत घेते का. बहुतेक वेळा तो ‘नाही’ म्हणेल. तरी विचारा, आणि कंपनीच्या ग्राहक क्रमांकावरही विचारा. तोवर ती वेगळी, बंद पिशवीत ठेवा. आणि वास न येणारे मोजे घेण्याआधी साधे सुती मोजे रोज धुऊन पाहा.