दोन कपाटांचा निकाल

(वाचनालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच सभेत एक सूचना आली होती. वाचनालयातील रहस्यकथा आणि प्रेमकथांची दोन कपाटे रद्दीत काढावीत व तेथे स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवावीत. हेतू चांगला होता. मीही हात वर करणार, इतक्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्यातले एक तरी पुस्तक तुम्ही वाचले आहे का?" सभा हसली. मला मात्र हसू आले नाही. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्याचा हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

मी पालघरला राहतो, नोकरी बोईसरला. गाडीतला प्रवास थोडा, पण गाडीची वाट पाहणे बरेच. पहिल्याच आठवड्यात फलाटावर एक वयस्क गृहस्थ माझ्या हातातले पुस्तक पाहून शेजारी येऊन बसले. तारापूरच्या कारखान्यात त्यांची उमर गेली होती. म्हणाले, "रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून आम्ही हीच पुस्तके वाचायचो. चौथीत शाळा सुटली, पण वाचन यांच्यामुळे टिकले." या पुस्तकांची शिवण का उसवलेली असते, ते मला तेव्हा कळले.

झुंजार आणि काळा पहाड ज्यांनी निर्माण केले, त्या बाबूराव अर्नाळकरांच्या नावातले अर्नाळा आपल्याच जिल्ह्यात, वसई तालुक्यात आहे. १९०६ ते १९९६ या आयुष्यात त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. उर्दूत तेच काम इब्ने सफींनी केले. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्यांचा उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत आला तो कर्नल विनोद होऊन! नाव बदलले, पण वाचकाची उत्सुकता दोन्हीकडे सारखीच.

प्रेमकथांबद्दल आपण अधिक बिचकतो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयात शिक्षा झाली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निर्णय देऊन ती शिक्षा रद्द केली. न्यायमूर्तींनीसुद्धा आधी कथा वाचली, मग निकाल दिला. आपण मात्र मुखपृष्ठ पाहूनच निकाल देतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मी वाचलेल्यांपैकी कित्येक पुस्तकांत खलनायक चेहऱ्यावरच्या व्रणावरूनच ओळखू येतो आणि प्रत्येक प्रश्न ठोशाने सुटतो. प्रेमकथेतली मुलगी "नाही" म्हणते आणि नायक त्याचा अर्थ "होय" असा घेतो. कॉलेजात पहिली येणारी नायिका शेवटच्या प्रकरणात पुस्तके मिटून सासरी जाते, आणि यात काही गमावले असे कोणालाच वाटत नाही. हे दोष लहान नाहीत. पण ते आपल्या मुलीला दाखवायचे तर पुस्तक तिच्याबरोबर वाचावे लागेल. ते लपवून वाचायला लावले, तर दोषही ती एकटीच वाचणार.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? एका चुकीच्या. फार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या उशीखाली मला एक कादंबरी सापडली. मी ती न वाचताच पाणी तापवायच्या बंबात टाकली. तिची शेवटची वीसेक पाने राहिली होती. ती रडली नाही, भांडली नाही. त्यानंतर तिने कोणतेच पुस्तक हाती धरले नाही. चांगले पुस्तकही नाही. मी तिला वाईट वाचनापासून वाचवले असे समजत होतो. खरे तर मी तिचे वाचनच जाळले.

तीच कादंबरी या महिन्यात मला आपल्या कपाटात मिळाली. ती घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "आता बारीक अक्षर दिसत नाही, भाईजान. तुम्हीच वाचा." मी शेवटची वीस पाने मोठ्याने वाचून दाखवली. तिची नात दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर त्या पोरीने विचारले, "याच्या आधी काय झालं होतं?" पुस्तक मी तिथेच ठेवून आलो.

म्हणून माझा अहवाल एवढाच आहे. दोन्ही कपाटे राहू द्यावीत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी तिसरे कपाट घ्यावे. त्याची वर्गणी माझ्यापासून सुरू करा. आणि पालकहो, मुलाच्या हातात असे पुस्तक दिसले, तर ते हिसकावू नका. जवळ बसा आणि विचारा, "पुढे काय झाले?" त्या प्रश्नातूनच पुढच्या, अधिक चांगल्या पुस्तकाची वाट निघते.