दोन नद्यांमधले मंद्रूप: स्वागताध्यक्षीय भाषण

सोलापूर–विजयपूर रस्त्यावर वडकबाळला सीना ओलांडली की मंद्रूप लागते. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा. ज्वारीच्या या मुलखात पाण्यावर पोट असलेली भोई-कोळ्यांची घरे आहेत, म्हणूनच छोट्या मच्छीमारांची ही परिषद समुद्रापासून इतक्या दूर भरत आहे.

दोन्ही नद्या हत्तरसंग कुडलला मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. तो उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. वीज मंडळातली नोकरी सांभाळून त्यांनी जिल्हाभर शिलालेख शोधले, वाचले, छापून ठेवले. विद्यापीठाची खुर्ची नसताना एका माणसाने एवढे काम उभे केले. तालुक्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे नाव ठाऊक असायला हवे.

परिषदेच्या विषयाशी गाठ पडते ती भीमेवरच्या औज बंधाऱ्यावर. सोलापूर शहराला लागणाऱ्या पाण्याचा एक भाग वर्षानुवर्षे इथून उचलला गेला आणि बंधारा भरत आला तो उजनी धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याने. पात्र कोरडे पडले की ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारा घरी बसतो. उलट सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला महापूर आला. आपत्तीतली सरकारी मदत मुख्यतः मोडलेल्या होडीची आणि फाटलेल्या जाळ्याची. दुष्काळात होडी शाबूत, जाळे शाबूत, पाणीच नाही. मग पंचनामा कशाचा करायचा? मच्छीमार सोसायटीचा सभासद नसलेला माणूस आणि पाटी घेऊन बाजारात बसणारी त्याची बायको मदतीच्या यादीतून सहज सुटतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या छोट्या मासेमारीविषयीच्या २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांत मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांचे कामही या व्यवसायातच धरले आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याचा लाभ आधी या घरांना मिळावा, असे स्वागत समितीचे ठाम मत आहे.

पाहुण्यांची उतरण्याची सोय शाळेच्या वर्गांत आहे. पंखे अपुरे आहेत, आंघोळीचे पाणी टँकरचे आहे. या गैरसोयीबद्दल समिती मनापासून दिलगीर आहे. ज्वारी देणारे शेतकरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटांच्या महिला, मंडपवाले, वर्गणी देणारे व्यापारी आणि पहाटेची मासळी बाजारात न नेता इथे पोचवणारी नदीकाठची घरे या सर्वांची समिती ऋणी आहे. दात्यांची यादी मंडपाच्या दारी लावली आहे. नजरचुकीने राहिलेली नावे संध्याकाळपर्यंत त्यात जोडली जातील.