रक्तातील एका अक्षराची चूक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो 'वैद्यक आणि जीवशास्त्र यांतील अलीकडचे संशोधन' असा. विषय अफाट आणि वेळ तासाभराचा. अशा वेळी वक्त्यापुढे दोन वाटा असतात. जगभरच्या नव्या शोधांची यादी वाचून दाखवावी, ही पहिली. त्यात ऐकणाऱ्याला आपण फार मोठे काही ऐकले असे वाटते, पण घरी पोचेपर्यंत त्यातले काही उरत नाही. दुसरी वाट म्हणजे एकच रोग घ्यावा आणि त्याचा माग काढीत चालत जावे. मी ही दुसरी वाट धरली आहे, आणि रोगही परका निवडलेला नाही. या नागपुरातल्या वस्त्यांत तो आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत तो आहे. त्याला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा.

या रोगाचे मूल जन्मते तेव्हा इतर मुलांसारखेच दिसते. पाचसहा महिने बरे जातात. मग केव्हातरी त्याच्या हातापायांची बोटे सुजतात. पुढे अधूनमधून अंग पिवळे दिसते, ताप येतो, आणि एखाद्या रात्री हाडे आतून कोणी पिळीत असावे तशी ठणकू लागतात. आई तेल चोळते, शेक देते, कोणी दृष्ट काढते. चार दिवसांनी दुखणे ओसरते आणि महिन्याने परत येते. शाळेत गुरुजी म्हणतात, पोर आळशी आहे. घरी म्हणतात, अंगात रक्त नाही. अंगात रक्त कमी आहे हे खरेच असते. ते कमी का आहे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या रक्तातील तांबडी पेशी वाटोळी, चपटी आणि मऊ असते. केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांतून ती अंग चोरून निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन भरलेले असते. फुप्फुसात प्राणवायू उचलावा आणि शरीरभर पोचवावा हे त्याचे काम. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन रिकामे झाले की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब कांड्या बनतात, आणि मऊ पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. असे विळे बारीक वाहिनीत अडकले की पुढचा रक्तपुरवठा थांबतो. ते ठणकणे याचे. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहावीस दिवसांत मोडते. अंगात रक्त नसणे याचे. आणि रक्त गाळणारी, जंतूंशी लढणारी प्लीहा या अडथळ्यांनी लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून साधा न्यूमोनियादेखील अशा मुलाच्या जिवावर बेततो.

हा रोग विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाला तो १९१० साली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटाहून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहिल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध केले. त्यानंतर १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष मुळात पेशीचा नाही, तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडावे, हे प्रथमच घडत होते. मग १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो रेणू तुकडे तुकडे करून तपासला. हिमोग्लोबिनच्या ज्या साखळीत हा दोष असतो तिच्यात १४६ कड्या आहेत. त्यांतील सहावी कडी तेवढी निराळी निघाली. आज आपण त्याच्याही मागे जाऊ शकतो. ही साखळी कशी ओवावी याचे जे लेखी फर्मान आपल्या जनुकात असते, त्यात एका ठिकाणी एकच अक्षर बदललेले आहे. एका अक्षराने शब्दाचा अर्थ फिरतो हे मराठी माणसाला सांगावयास नको. 'ध' चा 'मा' झाला आणि एका पेशव्याचा जीव गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आता हे अक्षर आपल्या भागात आले कोठून? हिंदुस्थानात या पेशींचा पहिला पत्ता १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत लागला. आपल्या मध्य भारतातील पाहणी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यक नियतकालिकात मांडली. पुढील तपासण्यांत हे जनुक गोंड, परधान आदी आदिवासींत आढळले, तसेच आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही आढळले. यावरून काही शहाण्यांनी 'हा अमक्यांचा रोग' असे बोलावयास आरंभ केला. त्यांना उत्तर १९५४ सालीच मिळालेले होते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत असे दाखविले की ज्याच्याकडे हे जनुक एकाच बाजूने, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून आलेले असते, त्याला मलेरियाच्या मारक तापापासून संरक्षण मिळते. जेथे जंगल, पाणी, डास आणि हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होते, तेथे हे जनुक असलेली मुले तापातून वाचली आणि त्यांचा वंश वाढला. तेव्हा हे अक्षर म्हणजे कोणा जातीच्या रक्तावरील डाग नव्हे. आपल्या पूर्वजांनी हिवतापाशी जी लढाई दिली, तिची ती खूण आहे. त्या लढाईची किंमत मात्र काही मुलांना आज मोजावी लागत आहे.

ही किंमत कशी ठरते तेही पाहू. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईची, एक बापाची. एकच प्रत सदोष असेल तर तो माणूस वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेत नांगरतो, फौजेत जातो, म्हातारा होतो. पण वाहक पुरुष आणि वाहक स्त्री यांचा विवाह झाला, तर दर गरोदरपणी चारांत एक शक्यता अशी की मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळतील. ते मूल रुग्ण. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता घटत नाही, आणि पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित होत नाहीत. नाणे दर खेपेला नव्याने उडविले जाते.

आता उपचाराकडे वळू. १९४८ साली न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. या रोगाच्या नवजात बालकांचे रक्त सहसा विळ्यासारखे होत नाही. कारण असे, की गर्भात असताना आपले शरीर निराळे हिमोग्लोबिन बनवीत असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते काम थांबते आणि मोठेपणीचे हिमोग्लोबिन सुरू होते. गर्भातल्या त्या हिमोग्लोबिनमध्ये ही चूक नाही. म्हणजे प्रत्येक रुग्णाजवळ औषध जन्मतःच आहे. फक्त त्याची कोठी कुलूप लावून बंद केलेली आहे. यापुढची सारी कथा ते कुलूप उघडण्याची आहे.

पहिली किल्ली अगदी साधी निघाली. हायड्रॉक्सियुरिया नावाचे, कर्करोगासाठी वापरले जाणारे जुने औषध आहे. ते घेतले की गर्भातले हिमोग्लोबिन वाढते. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. पण तेथील मात्रा मोठी, आणि तिच्याबरोबर रक्ताच्या वारंवार तपासण्या आल्या. गडचिरोलीहून नागपूरला येण्याचे बसभाडे ज्याला जड, त्याने हे कसे निभवावे? याचे उत्तर नागपुरातच शोधले गेले. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार आजारी पडणाऱ्या ६० मुलांचे दोन गट केले. एका गटाला दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम अशी लहान, ठरीव मात्रा दिली. दुसऱ्याला तशीच दिसणारी नुसती गोळी. कोणाला काय मिळाले हे चाचणी संपेपर्यंत देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, घेणाऱ्यालाही नव्हते. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. लहान मात्रेनेही झटके आणि रक्त चढविण्याची वेळ पुष्कळ कमी झाली. परदेशी प्रयोगशाळेचा शोध आपल्या गरिबाच्या परिस्थितीला बेतून घेणे, हेही संशोधनच आहे. आणि ते कमी प्रतीचे नाही.

दुसरी वाट रोगाच्या उगमाशी जाते. तांबड्या पेशी हाडांतील मगजात तयार होतात. तेथील मूळपेशी त्या जन्मभर घडवीत असतात. दुसऱ्याच्या मूळपेशी आणून रुग्णात रुजविल्या तर रोग मुळासकट जातो. पण आपल्याकडचे संत्र्याचे बागाईतदार जाणतात की संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बसतो, आंब्याच्या खुंटावर बसत नाही. माणसातही गोत जुळावे लागते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. ज्याचे जुळत नाही, त्याने काय करावे?

येथे गेल्या पंधरावीस वर्षांतील संशोधन येऊन मिळते. त्या कोठीवर कुलूप लावणारे मुख्य जनुक कोणते, हे २००८ साली कळले. जनुकाच्या लेखात हव्या त्या ठिकाणी छेद देणारे क्रिस्पर हे साधन २०१२ साली हाती आले. त्याबद्दल जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांतिए यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढल्या, त्यांतील कुलूपाची कळ या कात्रीने मोडली, आणि त्याच पेशी त्याला परत दिल्या. परक्याचा खुंट शोधण्याचे कारणच उरले नाही. ती चुकीची जागा अजून चुकीचीच असते, पण कोठी उघडते आणि गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. अमेरिकेत असा पहिला उपचार २०१९ साली झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ज्यांना पुरेसा काळ पाहता आले अशा ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा झटका आला नाही.

सभ्य गृहस्थहो, हे ऐकून आनंद वाटला पाहिजे, आणि मला तो वाटतो. पण पुढचे आकडेही ऐका. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. आपल्या हिशेबाने अठरावीस कोटी रुपये. शिवाय नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुना मगज जहाल औषधांनी रिकामा करावा लागतो. त्यासाठी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागते, आणि पुढे अपत्य होण्याची शक्ती जाण्याचा धोका असतो. ज्या रोगाचे रुग्ण मुख्यतः आफ्रिकेच्या आणि हिंदुस्थानच्या गरीब वस्त्यांत आहेत, त्याचा इलाज जगातील अत्यंत महागड्या इलाजांपैकी एक ठरला आहे. आपल्याकडेही हात बांधून कोणी बसलेले नाही. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेने २०२५ च्या नोव्हेंबरात बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१' ही देशी उपचारपद्धती जाहीर केली आणि ती पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला. तिला यश येवो. पण प्रयोगशाळेतून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि तोवर आजचे मूल थांबू शकत नाही.

म्हणून मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच. मोठ्या शोधाची वाट पाहताना छोटे शोध पायदळी तुडवू नका. जन्मतः टाचेच्या थेंबभर रक्तावरून हा रोग ओळखता येतो. अशा बालकांना रोज पेनिसिलीन दिल्याने घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेत १९८६ सालीच सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीला कोट्यवधी लागत नाहीत. आणि आपल्या या नागपूरच्या उन्हाळ्यात, अंगातले पाणी आटले की पेशी अधिक लौकर वाकतात, तेव्हा शाळेत अशा मुलाला पाण्यासाठी आणि लघवीसाठी केव्हाही उठू देणे हाही औषधोपचारच आहे. त्याला कोणाची मान्यता लागत नाही; गुरुजींना ठाऊक असावे लागते.

शेवटी एक नाजूक गोष्ट. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत रोग हटवावा असा तिचा संकल्प आहे. तपासणीनंतर माणसाच्या हाती कार्ड येते. ते कार्ड आपण कसे वाचणार? वाहक मुलीचे कार्ड पाहून पाहुणे चहा न घेताच उठले, हे मी ऐकले आहे. मग दुसऱ्या घरची आई मुलीची तपासणीच होऊ देत नाही. आणि लपविलेल्या दोन कार्डांच्या लग्नातून आजारी मूल जन्मते. म्हणजे आपल्या अडाणी भीतीने तोच रोग वाढतो, ज्याची आपल्याला भीती आहे. कार्डाचा अर्थ एवढाच की दोघांनीही तपासणी करावी. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय करावा. एक वाहक आणि एक निरोगी, अशा जोडप्याच्या पोटी या रोगाचे मूल होत नाही. हे वाक्य आज घरी जाताना तेवढे नेले तरी माझे काम झाले.

याच नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. रुग्ण आणि आईबाप यांना एकत्र आणून हक्क मागावयास शिकविणे हे त्यांचे कार्य. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात हा रोग नोंदला गेला आहे. म्हणजे विज्ञानाने आपला वाटा उचलला, कायद्यानेही थोडा उचलला. उरलेला समाजाचा आहे. समाज म्हणजे कोण, हे मी आपणांस सांगावे असे नाही; तो आज या मांडवात बसलेला आहे.