वैद्यकीय निबंध कसा सिद्ध होतो



एखाद्या डॉक्टरविषयी आपण सहज म्हणतो, ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ हा शब्द कौतुकाचा आहे, आणि ज्याच्या वाट्याला तो येतो त्याने तो बहुधा कष्टाने मिळवलेला असतो. परंतु हातगुणाला एक मोठी मर्यादा आहे. तो हात जिथवर पोचतो तिथवरच त्याचा उपयोग. आणि हात गेला की गुणही त्याच्याबरोबर जातो. शिवाय गुण आला तो हाताने, औषधाने, की रोग आपल्या पावलांनीच निघून गेल्यामुळे, हे गावाला कळत नाही. पुष्कळदा त्या डॉक्टरलाही कळत नाही. वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवायचा शोधनिबंध म्हणजे, हात बाजूला ठेवल्यावर गुण शिल्लक राहतो की नाही, याची परीक्षा होय. ही परीक्षा कशी होते ते आपल्याच प्रांतातील एका उदाहरणावरून पाहू.

कोकणात लाल विंचू पुष्कळ. तो चावला म्हणजे कित्येकांना दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचले, तर माणूस दगावतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावसकर यांनी असे रुग्ण नुसते तपासले नाहीत, तर त्यांची लक्षणे नोंदवून ठेवली. १९८२ साली त्यांचे लेखन लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयोगी पडते, हा त्यांचा अनुभव त्याच नियतकालिकात १९८६ साली आला. महाडचा अनुभव अशा रीतीने जगातील कोणाही डॉक्टरला वापरता येईल, आणि तपासताही येईल, असा झाला.

पुढे प्रश्न आला तो असा : प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले, तर रुग्ण लवकर बरा होतो काय? यावरील बावसकर दांपत्याचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ साली छापला. निबंध लिहू पाहणाऱ्याने तो समोर ठेवावा.

निबंधाचा पहिला भाग प्रस्तावनेचा. तिथे विंचवाचा सारा इतिहास सांगायचा नसतो. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि आपला प्रश्न कोणता, एवढेच सांगायचे. दुसरा भाग पद्धतीचा, आणि निबंधाचा प्राण तिथेच असतो. या अभ्यासात ७० रुग्ण घेतले. कोणाला प्राझोसिनबरोबर प्रतिविष द्यायचे आणि कोणाला केवळ प्राझोसिन, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले. दोन्हींकडे ३५-३५ रुग्ण आले. मर्जीवर सोडले असते, तर बरा होईलसा वाटणारा रुग्ण नकळत आवडत्या उपचाराकडे गेला असता. ‘बरा झाला’ म्हणजे काय, तेही ठरवलेले होते : दहा तासांनी सारी लक्षणे ओसरलेली असणे.

तिसरा भाग निष्कर्षांचा. येथे विशेषणांना मज्जाव. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. ‘विलक्षण गुण आला’ असे लिहिण्याची गरजच उरत नाही. चौथा भाग चर्चेचा, आणि तिथे आपल्या कामातील उणीव आपणच सांगायची असते. कोणता उपचार चालू आहे हे या अभ्यासात झाकून ठेवलेले नव्हते. ही गोष्ट त्या निबंधाच्या शीर्षकातच नमूद आहे. वकील आपल्या पक्षाची दुबळी बाजू झाकतो. संशोधकाला ती झाकता येत नाही.

निबंध पाठवण्याचेही नियम आहेत. १९७८ साली कॅनडातील व्हँकूवर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र बसले, आणि त्यांतून समान नियमांची परंपरा सुरू झाली. एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. ज्याने खरोखर काम केले आणि जो त्याची जबाबदारी घेतो, त्याचेच नाव लेखक म्हणून घालावे. विभागप्रमुखांचे नाव केवळ आदरापोटी घालू नये. पैसा कोणी दिला ते सांगावे. रुग्णांची संमती आणि नीतिसमितीची मान्यता असावी. २००५ पासून तर औषधाच्या चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच सार्वजनिक नोंदवहीत करावी, असा या संपादकांचा आग्रह आहे. म्हणजे निकाल पाहून मागाहून प्रश्न बदलता येत नाही.

मग संपादक तो निबंध त्या विषयातील जाणकारांकडे परीक्षणासाठी धाडतो. बहुतेकांच्या वाट्याला प्रथम ‘साभार परत’ येते. त्यात अपमान मानू नये. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर द्यावे, पटेल ते सुधारावे, न पटेल तिथे कारण द्यावे.

ही चाळणी निर्दोष आहे, असे मात्र समजू नका. परीक्षकापुढे कागद असतो, रुग्ण नसतो. १९९८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवरील एक निबंध आला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, असा संशय त्याने पसरवला. इंग्लंडात कित्येक आईबापांनी मुलांना लस देणे टाळले. गोवर पुन्हा फैलावला. पुढे चौकशी झाली. मुले ओळीने आली तशी घेतली होती आणि नीतिसमितीची मान्यता होती, ही पद्धतीच्या भागातली विधानेच खोटी ठरली. २०१० साली निबंध मागे घेण्यात आला. मधली बारा वर्षे मागे घेता आली नाहीत. आता तर पैसे घेऊन, परीक्षण न करताच निबंध छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत.

म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. आपल्या घरात येणारी गोळी कुठल्या तरी निबंधावर उभी असते. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी म्हटले, तर आपण नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : रुग्ण किती होते? तुलना कोणाशी केली? आणि परीक्षण होऊन ते कुठे छापले? आणि या सभेत जे डॉक्टर बसले असतील त्यांना एवढीच विनंती, की मोठ्या शहराची आणि मोठ्या इस्पितळाची वाट पाहू नका. आजच्या रुग्णाची नोंद आजच, नीट, तारीखवार करा. महाडहून लंडनला गेलेल्या निबंधाची सुरुवात अशाच नोंदींनी झाली होती.