ब्राउझर बिघडला म्हणजे हिशेब गेला नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत लेखापाल, सीआरपी आणि ग्रामसंघाच्या पदाधिकारी ताईंपुढे केलेल्या मांडणीचा मजकूर)



आजचा विषय बचतीचा नाही, व्याजाचाही नाही. विषय आहे कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा. दोन-तीन ग्रामसंघांतून एकच प्रश्न आलाय. कॉम्प्युटरने अपडेट मागितलं, आम्ही 'हो' दाबलं, मध्येच काहीतरी अडकलं आणि आता इंटरनेटच उघडत नाही. अर्ज भरायची तारीख तोंडावर आलेली असते, बँकेचा उतारा काढायचा असतो, आणि कॉम्प्युटर तर गप्प बसलेला. मग कोणीतरी म्हणतं, "द्या दुकानात नेऊन, फॉरमॅट मारून देतील." ताईंनो, खरा धोका या एका वाक्यात आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी ब्राउझर म्हणजे काय ते समजून घेऊ. क्रोम, फायरफॉक्स, एज ही ब्राउझरची नावं. इंटरनेटवरचं पान आपल्याला ज्यातून दिसतं तो हा प्रोग्राम. बँकेतले आपले पैसे ब्राउझरमध्ये नसतात, ते बँकेकडे असतात. ऑनलाइन भरलेली माहिती त्या त्या विभागाच्या कॉम्प्युटरवर असते. आपल्या एक्सेलच्या फायली आपल्या कॉम्प्युटरवर वेगळ्या ठेवलेल्या असतात. गिरणीत दळण चालू असताना वीज गेली तर धान्य कुठं जात नाही, ते तिथंच असतं. फक्त गिरणी पुन्हा चालू करावी लागते. इथंही तसंच आहे. म्हणून पहिली गोष्ट, घाबरून दहा बटणं दाबू नका.

दुसरी गोष्ट, स्क्रीनवर जो संदेश आलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. इंग्रजीत असला तरी काढा. "काहीतरी लाल आलं होतं" एवढ्यावरून कोणालाच मदत करता येत नाही. फोटो असला तर फोनवरूनही सांगता येतं.

आता बिघाड नक्की कुठं आहे ते शोधू. तीन प्रश्न विचारा. त्याच वायफायवर मोबाईलमध्ये इंटरनेट चालतंय का? नसेल तर दोष नेटचा आहे, ब्राउझरचा नाही. कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर चालतोय का? विंडोज १० आणि ११ मध्ये एज आधीपासूनच असतो. तो चालला तर आजचं काम त्यावर उरकून घ्या, दुरुस्ती सावकाश करू. तिसरा प्रश्न, सगळीच पानं बंद आहेत की एकच? एकच पान बंद असेल तर बहुधा त्या वेबसाइटलाच अडचण आहे. थोड्या वेळाने पुन्हा बघा.

दोष ब्राउझरचाच आहे असं ठरलं, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. आधी बिनधोक उपाय, मोठे उपाय शेवटी. एका वेळी एकच उपाय करा आणि लगेच तपासा.

१. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच निवडा. विंडोज १० मध्ये शट डाउन केल्यावर बऱ्याचदा आतली काही स्थिती तशीच राखून ठेवली जाते, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. ब्राउझर बंद दिसत असला तरी आत अडकून चालू असतो, आणि त्यामुळेही अपडेट पूर्ण होत नाही. रीस्टार्टने बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागतं.

२. तारीख आणि वेळ बघा. खाली उजव्या कोपऱ्यात दिसते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आत एक गोल, नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की ब्राउझर बँकेचं सुरक्षित पान उघडायला नकार देतो, कारण त्या पानाच्या ओळखपत्राची मुदत त्याला जुळत नाही. तारीख नीट लावली की पान उघडतं. रोज सकाळी तारीख चुकत असेल तर ती बॅटरी बदलून घ्या. स्वस्तातलं काम आहे.

३. जागा बघा. 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हकडे नजर टाका. पट्टी लाल झाली असेल तर डिस्क भरत आलीय. नवा ब्राउझर उतरवायला जागाच नाही, मग अपडेट अर्धवट राहणारच. रिसायकल बिन रिकामी करा. डाउनलोडमध्ये एकच पीडीएफ पाच वेळा उतरवलेली असते, त्यातल्या जास्तीच्या प्रती काढा. पण हिशेबाची फाईल उघडून बघितल्याशिवाय पुसायची नाही.

४. विंडोज कोणतं आहे ते बघा. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण आणि 'आर' एकत्र दाबा. छोटा चौकोन येईल, त्यात इंग्रजीत 'विनव्हर' टाइप करून एंटर दाबा. विंडोज ७, ८ किंवा ८.१ निघालं तर दोष तुमचा नाही. क्रोमची १०९ ही आवृत्ती या विंडोजवर चालणारी शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून पुढे क्रोमला विंडोज १० किंवा त्यापुढचंच लागतं. अशा कॉम्प्युटरवर कितीही वेळा अपडेट दाबलं तरी नवं क्रोम बसणार नाही. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरक्षेची नेहमीची डागडुजी थांबते. विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करू नका. कॉम्प्युटर बदलायचा विषय ग्रामसंघाच्या सभेत घ्या, ठराव करा, अंदाजपत्रकात रक्कम धरा.

५. ब्राउझर उघडतो पण पानं वेडीवाकडी दिसतात, असं असेल तर साठलेल्या जुन्या प्रती पुसा. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा. फक्त 'कॅश' म्हणजे साठवलेली चित्रं आणि फायली, एवढ्यावरच खूण ठेवा. पासवर्डवरची खूण काढून टाका.

६. एवढं करून जमलं नाही, तर ब्राउझर पुन्हा बसवा. एज उघडा, कंपनीच्या मूळ वेबसाइटवर जा आणि तिथूनच फाईल घ्या. आधी जुना ब्राउझर काढू नका, त्यावरच नवा बसवून बघा. तुमच्या खुणा आणि पासवर्ड सहसा तसेच राहतात. काढावाच लागला, तर काढताना तो विचारतो, "ब्राउझिंगची माहितीही पुसू का?" तिथं खूण करायची नाही. आणि हे काम लाइट जाण्याच्या वेळी काढू नका. लोडशेडिंगचं वेळापत्रक आपल्याला पाठच असतं.

आता फॉरमॅटकडे येते. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणं. आपल्यापैकी बऱ्याच जणी फायली डेस्कटॉपवर ठेवतात, समोर दिसतात म्हणून. पण डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. दुकानदाराने सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉपही गेला. गटांची कर्जखाती, परतफेडीचे तक्ते, वर्षावर्षांची नोंद, सगळं एका दुपारी नाहीसं होतं. साधा ब्राउझर अडला म्हणून फॉरमॅटची गरज जवळपास कधीच नसते. तरीही कॉम्प्युटर बाहेर द्यायची वेळ आलीच, तर आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड हे तिन्ही फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. मग पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एखादी फाईल उघडते का ते बघा. त्यानंतरच कॉम्प्युटर हातातून सोडा. दुकानदाराला बँकेचा पासवर्ड सांगायचा नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी.

अजून एक सावधगिरी. एखादं पान उघडल्यावर मध्येच पाटी येते, "तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा." तिथं दाबायचं नाही. क्रोमचं खरं अपडेट त्याच्या स्वतःच्या मेनूत असतं. वर उजवीकडे तीन ठिपके, मग 'मदत', मग 'गुगल क्रोमविषयी'. तिथं तो स्वतःच तपासतो. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो आणि मग ओटीपी मागतो. अशा वेळी फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्याला माहीत आहे, लेखे वेळच्या वेळी लिहिणं. त्यालाच जोडून एक सवय लावू. कॉम्प्युटरशेजारी एक साधी वही ठेवा. कोणत्या दिवशी काय बिघडलं, कोणता संदेश आला, काय केलं, कशाने सुधारलं, एवढं लिहा. पुढच्या वेळी तोच बिघाड आला तर उत्तर वहीत सापडेल, आणि लेखापाल ताई बदलली तरी नवीन ताईला पहिल्यापासून शिकावं लागणार नाही. फायलींची प्रत दर महिन्याच्या सभेआधी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरजवळ न ठेवता कपाटात कुलपात ठेवा.

ताईंनो, अंगठा उठवणाऱ्या बायका सही करायला शिकल्या तेव्हा त्यांचा हिशेब त्यांच्या हातात आला. आता तो हिशेब कॉम्प्युटरमध्ये गेलाय. प्रत्येक वेळी कोणाच्या मुलाची वाट बघत बसलो, तर किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाईल. सगळं आपल्यालाच यायला हवं असं नाही. पण काय बिघडलं हे सांगता आलं पाहिजे आणि काय पुसू द्यायचं नाही हे माहीत पाहिजे.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक ग्रामसंघाने दोन गोष्टी लिहून आणा. आपल्या कॉम्प्युटरचं विंडोज कोणतं, आणि हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेला घेतली. प्रत घेतलीच नसेल, तर आज घरी जाण्याआधी घ्या.